गोविंदनगरहून इंदिरानगरला चालत किंवा सायकलने जायचं तर हायवे ओलांडायचा कसा? मागणी नेमकी काय करावी?

सायली_गोविंदनगर

नमस्कार मंडळी, बरेच महिने इथे नुसती वाचते, आज पहिल्यांदा प्रश्न टाकतेय, थोडा लांबलाय, सांभाळून घ्या.

आम्ही गोविंदनगरला राहतो आणि मुलाचा गणिताचा क्लास आणि सासूबाईंच्या धाकट्या बहिणीचं घर दोन्ही इंदिरानगरला, म्हणजे हायवेच्या पलीकडे. आमच्या गच्चीवरून मावशींच्या बिल्डिंगची पाण्याची टाकी दिसते एवढं जवळ. पण मध्ये मुंबई-आग्रा हायवेचा भराव आहे आणि आमच्यासाठी पलीकडे जायची वाट एकच, तो इंदिरानगरचा बोगदा. नाशिककरांना त्याबद्दल वेगळं सांगायला नको, संध्याकाळी सहा ते आठ तिथे गाड्यांचीच एकमेकांशी रेटारेटी चालू असते, त्यात चालणाऱ्याने कुठून जायचं?

सासूबाई ६९ वर्षांच्या आहेत, गुडघे बरे आहेत, चालायची हौस आहे. त्या बोगद्यातून जाताना भिंतीला एक हात लावून जातात, कारण दुसऱ्या बाजूने आरसे घासून जात असतात. घरी आल्या की पहिलं बेसिनवर जातात, चारही बोटं काळी झालेली असतात भिंतीच्या काजळीने. मला ती बोटं बघवत नाहीत. मुलगा सातवीत आहे, सायकल घेऊन दिली गेल्या दिवाळीत. मागच्या महिन्यात बोगद्याच्या तोंडाशी एका मोटरसायकलचं हँडल लागून पडला, कोपर सोलवटलं. घरी येऊन मला म्हणाला चेन निसटली. खरं काय ते त्याच्या मित्राच्या आईकडून कळलं, सायकल बंद होईल म्हणून घाबरून बोलला नव्हता. आता मी त्याला रोज स्कूटरवर सोडते, म्हणजे त्याच बोगद्यात अजून एक गाडी वाढली ती माझीच.

एका ऑफिसात जाऊन आले, ते म्हणाले हे आमच्याकडे येत नाही. त्यांनी जिथे पाठवलं तिथे गेले तर ते म्हणाले आमच्याकडे फक्त वरचा रस्ता. अर्ज दोन्हीकडे दिलाय, पोच आहे.

प्रश्न असा की मागायचं काय? सोसायटीतले काही म्हणतात पादचारी पूल मागा, काही म्हणतात सिग्नल, काही म्हणतात बोगदा रुंद होईपर्यंत काही होणार नाही, गप्प बसा. ज्यांना यातलं कळतं त्यांनी सांगावं. फोटो वगैरे लागले तर काढून देईन.

जुना_साइट_इंजिनिअर

सायलीताई, चांगला प्रश्न मांडलात. माझी तीस वर्षं रस्त्याच्याच कामात गेली, आता रिटायर आहे, राहायला राणेनगर, म्हणजे तुमचंच दुखणं दोन स्टॉप पुढे.

पहिली गोष्ट, पादचारी पूल मागू नका. आपला हायवे शहरात दोन प्रकारचा आहे हे आधी डोक्यात घ्या. मुंबई नाक्यापासून द्वारका, पंचवटी करत के. के. वाघ कॉलेजपर्यंत तो खांबांवर आहे, २०१३ ला सुरू झालेला उड्डाणपूल, तिथे खाली जमीन मोकळी आहे, माणूस खालून सपाट जाऊ शकतो. आणि राणेनगर-इंदिरानगर पट्ट्यात तो मातीच्या भरावावर आहे, म्हणजे शहराच्या मधोमध बांधच घातलाय आणि त्या बांधाला मोजकी भोकं आहेत, त्यांना आपण बोगदे म्हणतो. आता भरावावरून पूल न्यायचा तर आधी भरावाची उंची चढायची, आणि हायवेवरून कंटेनर जातात म्हणून त्याच्यावर अजून साडेपाच मीटर मोकळी उंची सोडावी लागते. नुसते हे साडेपाच मीटर धरले तरी १५ सेंटिमीटरच्या पायरीने ३७ पायऱ्या होतात, भरावाच्या पायऱ्या वेगळ्या. तुमच्या सासूबाई एकदा हौसेने चढतील, दुसऱ्यांदा परत भिंतीला हात लावून बोगद्यातूनच जातील, आणि त्यांचं काही चुकलं असं मी तरी म्हणणार नाही. उतार करायचा म्हटलं तर व्हीलचेअरसाठी १ला १२, म्हणजे एक मीटर चढायला बारा मीटर लांबी धरतात, साडेपाच मीटरला ६६ मीटर लांबी, तीही मधले थांबे सोडून, जागा कुठे आहे एवढी?

द्वारकेचं उदाहरण डोळ्यासमोर ठेवा. तिथे पादचाऱ्यांसाठी भुयारी मार्ग बांधला, बांधकाम वाईट नव्हतं, पण लोक गेलेच नाहीत आणि आजही रस्त्यावरूनच पळत ओलांडतात. ज्याला चालत जायचंय त्याला तुम्ही खाली उतरवता, अंधारात फिरवता, परत वर चढवता, आणि गाडी मात्र सरळ जाते. माणूस आपला जीव मुठीत धरून जवळची वाट घेतो, हे नाशिकातच नाही, कुठल्याही गावात असंच होतं.

तुमच्याकडे उलट एक फार मोठी जमेची बाजू आहे. बोगदा जमिनीच्या पातळीवर आहे. चढायचं नाही, उतरायचं नाही. फक्त त्यातला चालणाऱ्याचा हिस्सा कुणी काढून ठेवला नाही. तो मागा. इंडियन रोड्स काँग्रेसचं पादचारी सुविधांचं पुस्तक आहे, आयआरसी १०३, त्यात राहत्या वस्तीत फूटपाथची चालायची मोकळी रुंदी कमीत कमी १.८ मीटर दिलीय आणि कडेची उंची १५ सेंटिमीटरपेक्षा जास्त नको असं सांगितलंय. मोकळी म्हणजे त्यात विजेची डीपीची पेटी नाही, झाड नाही, बोर्डाचा खांब नाही. आपल्याकडे एक फूट उंच फूटपाथ करतात आणि मग म्हातारी माणसं वापरत नाहीत म्हणून रडतात.

बोगद्यात तेवढी रुंदी काढली तर गाड्यांना कमी पडेल असं उत्तर तुम्हाला मिळणार, मिळणारच. त्याला प्रतिप्रश्न तयार ठेवा, की मग माणसांसाठी शेजारी वेगळा छोटा बोगदा द्या. त्यासाठी हायवे खोदावा लागत नाही. काँक्रीटच्या तयार पेट्या जॅक लावून भरावातून ढकलतात, बॉक्स पुशिंग म्हणतात त्याला, रेल्वेखालून वर्षानुवर्षं करतात, वरून गाड्या चालू असतात. गाड्यांच्या बोगद्याला उंची भरपूर लागते, चालणाऱ्या आणि सायकलवाल्याला अडीच-तीन मीटर उंची आणि साधारण चार मीटर रुंदी बास. एका टोकाला उभं राहून दुसऱ्या टोकाचा उजेड दिसला पाहिजे, वळण नको, हे मात्र आवर्जून लिहा, कारण बायका रात्री ज्या वाटेने जाणार नाहीत ती वाट नसल्यातच जमा.

आणि बोगद्याच्या आतपेक्षा बोगद्याच्या तोंडाशी जास्त धोका आहे, तुमचा मुलगाही तिथेच पडला बघा. तिथे सर्व्हिस रोड आडवा येतो, वळणारी गाडी मोठ्या गोलाईमुळे वेग न मोडता आत शिरते. कोपऱ्याची गोलाई लहान केली की गाडीला आपोआप हळू वळावं लागतं, आणि चालणाऱ्याला ओलांडायचं अंतरही कमी होतं. त्याला जोडून सर्व्हिस रोडवर फूटपाथच्या उंचीचं टेबल टॉप क्रॉसिंग मागा. हायवेच्या मुख्य रस्त्यावर गतिरोधक देत नाहीत ते बरोबरच आहे, पण सर्व्हिस रोड म्हणजे मोहल्ल्याचा रस्ता, तिथे द्यायला काय हरकत? ताशी ५० ने येणारी गाडी ड्रायव्हरने ब्रेकवर पाय ठेवेपर्यंतच, एक सेकंद धरला तरी, १४ मीटर पुढे जाते, ३० ने येणारी ८ मीटर. सहा मीटरचा फरक म्हणजे एक माणूस वाचतो का जातो एवढा फरक.

रात्री डोळे दुखतात म्हणून थांबतो, विचारा अजून काही असेल तर.

अंबड_सेकंडशिफ्ट

काकांनी लई भारी समजावलं. मी पवननगरला राहतो, अंबडला कामाला, पंधरा वर्षं सायकलवर. माझ्यासारखे शेकडो आहेत पण सायकलची चर्चा निघाली की हेल्मेटवाले आणि चड्डीवाले सायकलिस्ट आठवतात लोकांना, त्यांच्याबद्दल मला आदरच आहे, पण रोज पोटासाठी पायडल मारणारा कोणी मोजतच नाही भो. आमच्या सायकलीला गिअर नसतात, मागं कॅरेजला डबा लावलेला असतो आणि पुढं हँडलला भाजीची पिशवी.

लोक म्हणतात तुम्ही राँग साइडने येता. येतो. खोटं कशाला बोलू. पण का येतो ते बघा ना, दुभाजकाला जिथे फट पाहिजे तिथे नाही, सरळ नियमाने जायचं तर पुढच्या बोगद्यापर्यंत जाऊन वळून परत यायचं, गाडीवाल्याला ते दोन मिनिटं, मला आठ तास मशीनवर उभा राहून आल्यावर वाऱ्याच्या विरुद्ध दीड-दोन किलोमीटर जास्त. रात्री साडेअकराला. मग पोरं राँग साइडने घालतात आणि समोरून डिपर मारत गाडी आली की गटाराकडे उतरतात.

आणि ते गटारच तर खरं दुखणं आहे. सर्व्हिस रोडच्या कडेला चेंबरवर ज्या लोखंडी जाळ्या बसवल्यात त्यांचे गज रस्त्याच्या दिशेनेच आहेत, म्हणजे सायकलचं चाक बरोबर दोन गजांच्या मधे बसतं. माझ्या डिपार्टमेंटचा एक जण पावसाळ्यात असाच गेला खाली, पाणी साचलेलं होतं म्हणून जाळी दिसलीच नाही, पुढचं चाक आत, माणूस हँडलवरून पुढं. समोरचे दोन दात गेले आणि रिम अशी वाकली की पापडासारखी. जाळी फक्त आडवी फिरवून बसवायची होती हो! काटकोनात. एक रुपया जास्त लागत नाही. म्हणून ताई तुमच्या अर्जात मोठ्या मागण्या टाका पण ही एक छोटी मागणीपण टाका, की सर्व्हिस रोडवरच्या सगळ्या जाळ्या आडव्या करा आणि रस्त्याच्या लेव्हलला आणा, डांबराचे थर चढून चढून त्या खड्ड्यात गेल्यात. हे आठवड्यात होऊ शकतं, आणि आमच्या शिफ्टमधली माणसं पहिल्यांदा म्हणतील की कोणीतरी आमचा विचार केला.

लाइटचं पण लिहा. पुलावर लखलखाट आणि पुलाखाली खांबांच्या सावलीत माणूस काळा शर्ट घालून उभा असला तर गाडीवाल्याला खरंच दिसत नाही, मी त्यांना दोष देत नाही. मी मडगार्डला लाल रेडियम पट्टी लावलीय आणि पायडलला पण, पायडलची पट्टी वर-खाली हलते ना, ती लांबून पटकन लक्षात येते. मुलाच्या सायकलला लावा ताई, वीस-तीस रुपयांत होतं, सायकल बंद नका करू त्याची.

सर्व्हिसरोड_दुकानदार

मी वेगळी बाजू मांडतो, राग नसावा. माझं सर्व्हिस रोडला हार्डवेअरचं दुकान आहे. फूटपाथ, सायकल ट्रॅक म्हटलं की पहिलं माझ्यासारख्याच्या पोटात गोळा येतो कारण गिऱ्हाईक गाडी लावणार कुठे? सिमेंटची गोणी काय सायकलवर नेणार? स्मार्ट सिटीत केलेल्या त्या स्मार्ट रोडचं काय झालं बघितलंय सगळ्यांनी, अशोक स्तंभ ते त्र्यंबक नाका, १.१ किलोमीटर, त्याच्यासाठी व्यापाऱ्यांनी किती दिवस धंदा घालवला, आणि त्या सायकल ट्रॅकवर आज गाड्याच उभ्या असतात. मग तो ट्रॅक सायकलवाल्याचापण नाही आणि आमचापण नाही. आमचं म्हणणं एवढंच की करायचं तर नीट करा आणि आधी आम्हाला विचारा.

जुना_साइट_इंजिनिअर

दादा तुमचं म्हणणं रास्त आहे, अगदी मनापासून सांगतो. स्मार्ट रोडचा मुद्दा तुम्ही काढलात तेच मी तरुण इंजिनिअर पोरांना सांगायचो, ट्रॅक कितीही देखणा करा, तो १.१ किलोमीटरला संपला आणि दोन्ही टोकांना सायकलवाला परत गाड्यांत सोडला तर तो ट्रॅकवर येईलच कशाला? आणि रिकामा दिसला की गाडी लागणारच. जोडलेली वाट पाहिजे, मग ती साधी पांढरी पट्टी आणि चार खांब असली तरी चालेल.

पार्किंगचं म्हणाल तर सगळ्या सर्व्हिस रोडवर ट्रॅक मागायचाच नाही. जिथे दुकानं आहेत तिथे दुकानासमोर फूटपाथ, मग गाड्या लावायची पट्टी, असं बसतं, आखलेलं पार्किंग मिळालं तर तुमचाच फायदा, आज तुमच्या दारासमोर दिवसभर दुसऱ्याच कुणाची तरी गाडी उभी असते ना? खांब लावताना मात्र दोन खांबांत व्हीलचेअर जाईल एवढं, म्हणजे कमीत कमी ९० सेंटिमीटर अंतर सोडायला सांगा. मोटरसायकल अडवायच्या नादात अपंग माणूस अडकतो.

सर्व्हिसरोड_दुकानदार

दिवसभर उभी असणाऱ्या गाडीचं बरोबर बोललात काका, ते रोजचंच आहे. आखून पार्किंग देणार असतील तर मी आमच्या लाइनमधल्या दुकानदारांच्या सह्या आणतो.

तपोवन_रहिवासी

पंचवटीच्या बाजूचं पण कोणीतरी बोला. २०२७ चा सिंहस्थ तोंडावर आलाय. मागच्या, २०१५ च्या सिंहस्थात पर्वणीच्या दिवशी गाड्या बाहेरच थांबवल्या होत्या आणि लोक कित्येक किलोमीटर चालत रामकुंडाकडे आले, डोक्यावर गाठोडं, कडेवर पोर, म्हाताऱ्या बायका एकमेकींच्या पदराला गाठ मारून. साधूंच्या मुक्कामाचं साधुग्राम तपोवनात म्हणजे हायवेच्या एका अंगाला आणि रामकुंड दुसऱ्या अंगाला, म्हणजे ती सगळी गर्दी हायवेखालूनच जाते. त्या दिवशी रस्ता माणसांचा होता आणि एक गोष्ट लक्षात आली होती माझ्या, पुलाखालून चालताना किती जागा आहे ते. इतर दिवशी ती दिसतच नाही, कारण गाड्या लावलेल्या असतात नाहीतर राडारोडा पडलेला असतो.

माझी आई तेव्हा होती. आमच्या दारात आम्ही पाण्याचा पिंप भरून ठेवला होता, ती दिवसभर लोकांना पाणी देत बसली होती. बुलढाण्याकडच्या एक आजी पाणी पिऊन तिला म्हणाल्या, पोरी, रस्ता लई चांगला हाय तुमच्या गावचा, कुठं गाडी नाही. आईने ते नंतर किती जणांना सांगितलं असेल.

आता सिंहस्थासाठी रस्त्यांची कामं निघतायत. रुंदीकरणाचे आकडे रोज पेपरात येतात पण चालणाऱ्यासाठी काय धरलंय ते कोणी विचारत नाही, आणि सिंहस्थाला येणारा बहुतेक माणूस शेवटी चालतच येतो. काँक्रीट ओतून झाल्यावर फूटपाथ मागण्यात अर्थ नाही. आत्ताच मागायला हवा.

ब्रेव्हे_नाशिक

मी त्या चड्डीवाल्यांपैकी एक. अंबडच्या दादांचं वाचून खरंच वाईट वाटलं कारण ते बरोबर आहेत. आपल्या नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ ला रेस अक्रॉस अमेरिका ही सायकल शर्यत पूर्ण केली, सुमारे ४,८०० किलोमीटर, तेव्हा सगळ्या शहराने डोक्यावर घेतलं, सायकलींचा खप वाढला, रविवारी पहाटे गंगापूर रोडला सायकलींची रांग लागायला लागली. अभिमान आहेच. पण आम्ही पहाटे पाचला निघतो तेव्हा रस्ता रिकामा असतो, आणि दादा रात्री साडेअकराला ट्रकमधून वाट काढतात. त्यांच्या शिफ्टच्या वेळेला आमच्या ग्रुपने एकदा त्या रस्त्याने जाऊन बघायला पाहिजे. मी ग्रुपवर टाकतोय आजच.

माहितीचा_अर्ज

उशिरा आलो चर्चेत. सायलीताई, दोन ऑफिसांनी एकमेकांकडे बोट दाखवलं त्यावर तोंडी वाद घालत बसू नका, ते कागदावर आणा. माहितीच्या अधिकारात दोन अर्ज टाका, दहा रुपये फी, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. हायवेची यंत्रणा केंद्राची, म्हणून तो अर्ज केंद्राच्या पोर्टलवर, महापालिकेचा राज्याच्या पोर्टलवर. प्रश्न कमी आणि नेमके विचारा: या बोगद्याची आणि त्याच्या दोन्ही बाजूंच्या सर्व्हिस रोडची देखभाल कुणाकडे आहे, हस्तांतर झालं असेल तर त्या पत्राची प्रत द्या, आणि या भागाचं रोड सेफ्टी ऑडिट झालं असेल तर त्याची प्रत द्या. 'का केलं नाही' असं विचारू नका, का ला उत्तर देत नाहीत, कागद मागा.

दुसरं, जिल्हा रस्ता सुरक्षा समिती असते, जिल्हाधिकारी अध्यक्ष असतात, आणि पोलीस, आरटीओ, पीडब्ल्यूडी, महापालिका, हायवे सगळे एकाच टेबलावर बसतात. एवढ्याचसाठी ती समिती आपल्या कामाची, कारण तिथे शेजारच्या खुर्चीकडे बोट दाखवलं तर शेजारचा लगेच बोलतो. त्यांच्याकडे संयुक्त पाहणीची मागणी करा. पाहणी संध्याकाळी सहालाच व्हायला पाहिजे हे पत्रात स्पष्ट लिहा, सकाळी अकराला येऊन रिकामा बोगदा बघून जातात.

ब्लॅकस्पॉट म्हणून मागणी करायची का असं कोणी विचारेल. त्याची व्याख्या अशी की ५०० मीटरच्या पट्ट्यात तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे पाच अपघात, नाहीतर दहा मृत्यू. म्हणजे माणसं मेल्यावर लागू होणारी गोष्ट. तुमच्या मुलाचं कोपर त्यात कुठेच मोजलं जात नाही. म्हणून त्याच्यावर अवलंबून राहू नका, निकषावर बोट ठेवा. २०१९ ला मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती झाली, कलम १९८ अ, रस्ता ठरलेल्या निकषांप्रमाणे बांधला किंवा राखला नाही आणि त्यामुळे कुणी मेलं किंवा अपंग झालं तर यंत्रणेला, कंत्राटदाराला, सल्लागाराला एक लाखापर्यंत दंड आहे. १३८ (१अ) मध्ये राज्याला पादचारी आणि सायकलींसाठी नियम करायचा अधिकार आहे. आणि २०२५ च्या मे महिन्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की फूटपाथ वापरायचा पादचाऱ्याचा हक्क हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. हे तीन संदर्भ अर्जात दोन ओळींत घाला, जास्त नको.

एक आकडा पण घाला, केंद्राच्याच रस्ते मंत्रालयाच्या अहवालातला: २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातात १,६८,४९१ माणसं गेली, त्यातले ३२,८२५ पायी चालणारे. दर पाचातला जवळपास एक.

जाळ्या, बंद दिवे, तुटलेले ढापे अशा गोष्टींसाठी १०३३ वर फोन करा किंवा राजमार्गयात्रा ॲपवर जागेवरूनच फोटो टाका, ठिकाण आपोआप जातं. अंबडच्या दादांनी जाळ्यांचे फोटो काढताना बाजूला सायकलचं चाक ठेवून काढावेत, म्हणजे समजावून सांगायची गरज पडत नाही.

अंबड_सेकंडशिफ्ट

काढतो. उद्या वीकली ऑफ आहे. लेखानगरपासून बोगद्यापर्यंत एक एक जाळी काढतो फोटोत.

सायली_गोविंदनगर

काय बोलू, एवढं सगळं मिळेल असं वाटलं नव्हतं. काल रात्री दोनदा वाचलं सगळं, मिस्टरांनाही वाचून दाखवलं.

अर्जाचा कच्चा मसुदा केलाय. पादचारी पूल काढून टाकला. क्रमाने असं लिहिलंय: जाळ्या आणि दिवे लगेच, मग बोगद्याच्या दोन्ही तोंडांशी टेबल टॉप क्रॉसिंग आणि कोपऱ्याची गोलाई कमी, बोगद्यात निदान एका बाजूला १.८ मीटर रुंदीची, थोडी उंच केलेली वाट आणि तिला रेलिंग, आणि ते जमत नसेल तर शेजारून वेगळा छोटा बोगदा, सरळ, आरपार दिसणारा. काका, एक शंका, मुंबई नाक्याला आणि द्वारकेला सिग्नलवर चालणाऱ्याला वेळच पुरत नाही, ते यात घालू का वेगळं देऊ?

जुना_साइट_इंजिनिअर

वेगळं द्या, एका अर्जात फार कोंबलं की सगळंच मागे पडतं. पण हिशोब सांगून ठेवतो. चालण्याचा वेग सेकंदाला १.२ मीटर धरतात. २४ मीटर ओलांडायला २० सेकंद. तुमच्या सासूबाईंचा वेग ०.८ धरला तर त्यांना ३० लागतात. म्हणजे तरुण माणसाच्या हिशोबाने बसवलेल्या सिग्नलला त्या आठ मीटर अलीकडे, रस्त्याच्या मध्ये उभ्या असतात तेव्हा गाड्या सुटतात. म्हणून मध्ये दुभाजकावर उभं राहायला निदान दीड-दोन मीटरची सुरक्षित जागा मागायची, पुलाच्या खांबांच्या ओळीत ती सहज निघते. तिथे मोटरसायकली लावलेल्या असतात आज.

रविवारी सकाळी मोजायला येऊ का? माझ्याकडे ३० मीटरचा टेप आहे जुना.

सायली_गोविंदनगर

या ना काका. सकाळी साडेसहाला बोगद्याच्या गोविंदनगरच्या तोंडाशी भेटू, तेव्हा गाड्या कमी असतात. तपोवनचे दादा, ब्रेव्हेवाले, ज्यांना जमेल त्यांनी या, दुकानदार दादा तुम्ही सह्यांचा कागद घेऊन या. मुलगा खडू घेऊन येतोय, १.८ मीटर म्हणजे नक्की किती ते त्याला जमिनीवर आखून बघायचंय. त्याने काल रात्री सायकलला हवा भरून ठेवलीय, मी विचारलं नाही आणि त्यानेही सांगितलं नाही.

सासूबाईपण येणार म्हणतायत. एवढं मोजणार आहात तर माझ्या चालण्याचं पण मोजा म्हणाल्या, म्हणजे अर्जात खरे सेकंद घालता येतील. चहा आमच्याकडे, पोहे पण करते.